गव्हाची बाधा आणि रक्ताची तपासणी

गहू हे चांगले अन्न आहे. गव्हाची पोळी आपण आवडीने खातो. होळीला पुरणपोळी करतो. पाहुणा आला की शिरा करतो. जगात कोट्यवधी माणसे गव्हावर जगतात. गव्हाने त्यांच्या अंगात ताकद येते.

पण काही थोड्या माणसांना हाच गहू बाधतो. गहू खाल्ला की त्यांचे आतडे आतून खराब होते. मग कितीही खाल्ले तरी अन्न अंगी लागत नाही. या आजाराला डॉक्टर 'सिलिअ‍ॅक' म्हणतात. आपण त्याला गव्हाची बाधा म्हणू. ही भुताखेताची बाधा नव्हे. ती अंगारा लावून जात नाही. हा शरीराचा आजार आहे. त्याचे कारण सापडले आहे आणि त्यावर उपायही आहे.

हा आजार रक्त तपासून ओळखता येतो. पण त्या तपासणीत एक खोच आहे. काही माणसांना आजार असतो, तरी तपासणीचा कागद 'आजार नाही' असे म्हणतो. असे का होते, आणि तेव्हा काय करावे, हे या धड्यात पाहू.

गव्हात असे काय आहे?

घरी एक गोष्ट करून पाहा. कणकेचा एक गोळा घ्या. तो पाण्याखाली धरून हाताने चोळत राहा. पांढरे पाणी निघून जाईल. ते पिठूळ पाणी म्हणजे गव्हातले सत्त्व. शेवटी हातात एक चिवट गोळा उरेल. तो रबरासारखा ताणला जातो. या चिवट भागाला 'ग्लुटेन' म्हणतात.

ग्लुटेनमुळेच कणीक ताणली जाते. म्हणून पोळी लाटता येते. पाव फुगतो तोही ग्लुटेनमुळे. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही. म्हणून ज्वारीची पोळी लाटता येत नाही. भाकरी हातानेच थापावी लागते, आणि जरा हात चुकला की ती चिरते. हे आपल्या आयाबहिणींना शिकवायला नको. पण त्याचे कारण हे आहे.

ग्लुटेन गव्हात असते. जवातही तसाच पदार्थ असतो. परदेशात राय नावाचे एक धान्य पिकते, त्यातही तो असतो. ज्याला गव्हाची बाधा आहे त्याला ही तिन्ही धान्ये चालत नाहीत.

पोटात काय होते?

आपले लहान आतडे वीस फुटांच्या आसपास लांब असते. आतून ते मखमलीसारखे असते. मखमलीवर जशी बारीक लव असते, तशी आतड्याला आतून लव असते. ही लव अन्नाचा रस शोषून घेते आणि रक्तात सोडते. झाडाच्या बारीक मुळ्या जमिनीतले पाणी ओढतात, तसेच हे काम आहे.

गव्हाची बाधा असलेल्या माणसाने गहू खाल्ला की ही लव झडू लागते. आतडे आतून सपाट होते. मग अन्न पोटातून जाते, पण अंगाला मिळत नाही. मुळ्या कुजलेल्या झाडाला कितीही पाणी घातले तरी ते सुकते. तशी त्या माणसाची गत होते.

हा आजार कसा ओळखावा?

लहान मुलांत पुढील गोष्टी दिसतात.

मुलाला वरचेवर पातळ जुलाब होतात. शौच पुष्कळ होते आणि त्याला फार घाण वास येतो. पोट नगाऱ्यासारखे फुगते, पण हातपाय काड्यांसारखे राहतात. मुलाची उंची वाढत नाही. मूल सदा किरकिर करते. खेळत नाही.

मोठ्या माणसांत तो निराळ्या रूपाने येतो. अंगात रक्त कमी असते. लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नाही. सदा थकवा असतो. तोंड वरचेवर येते. हाडे ठिसूळ होतात. काही बायकांचे गर्भ टिकत नाहीत. काही जणांच्या अंगावर खाजरे फोड येतात. अशा काही जणांचे पोट अजिबात दुखत नाही. म्हणून त्यांना गव्हाची शंकाही येत नाही.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने तो होत नाही. पण तो घराण्यातून येऊ शकतो. एकाला आजार असला तर त्याच्या आईबापांना, सख्ख्या भावंडांना आणि मुलांनाही तो असण्याचा संभव इतरांहून जास्त असतो. म्हणून त्यांचीही तपासणी करावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. प्रत्येक जुलाब म्हणजे गव्हाची बाधा नव्हे. जंत, घाण पाणी, आतड्याचा क्षय यांनीही अशीच लक्षणे होतात. म्हणून आपल्या मनाने ठरवू नये. डॉक्टरांना दाखवावे.

याचे कारण कसे सापडले?

हा आजार जुना आहे. १८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी त्याचे नीट वर्णन केले. हा रोग बरा होईल तर तो खाण्यापिण्यातल्या बदलानेच, असे त्यांचे मत होते. पण नेमके काय बाधते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

ते शोधले हॉलंड देशातल्या एका डॉक्टरांनी. त्यांचे नाव विलेम डिके. ते हेग शहरात लहान मुलांच्या दवाखान्यात काम करीत. या मुलांना गहूच बाधत असावा, अशी शंका त्यांना आधीपासून होती.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये मोठी उपासमार झाली. पाव मिळेना. लोकांनी फुलांचे कांदेसुद्धा शिजवून खाल्ले. सगळा देश खंगत होता. पण डिके यांच्या दवाखान्यातली ही आजारी मुले मात्र पावावाचून सुधारत होती. युद्ध संपले. पाव पुन्हा आला. तशी ती मुले पुन्हा आजारी पडू लागली.

पुढे डिके यांनी सोबत्यांबरोबर नीट मोजमाप घेऊन पाहिले. गहू आणि राय दिले की मुलांचा आजार वाढे. तांदूळ, मका, बटाटा दिला तर वाढत नसे. १९५० साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले. तेव्हापासून या आजारावरचा उपाय जगाला कळला. तो उपाय म्हणजे ग्लुटेन असलेले अन्न कायमचे बंद करणे.

आपल्या देशात काय स्थिती आहे?

पूर्वी डॉक्टर म्हणत की हा गोऱ्या लोकांचा आजार आहे. ते खरे नव्हते. पंजाब, हरियाणा, दिल्ली, राजस्थान या भागांत गहू हे रोजचे अन्न आहे. तिथे हा आजार पुष्कळ आढळतो. २०१६ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तर भारतात शंभर माणसांत एकाहून थोड्या अधिक जणांना हा आजार निघाला. दक्षिणेत लोक भात खातात. तिथे हजारात एकालाच तो निघाला.

आपल्या महाराष्ट्रात पूर्वी ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ हेच मुख्य अन्न होते. पोळी सणावाराला होई. आता तसे राहिले नाही. रेशनवर गहू मिळतो. घरोघरी रोज पोळी होते. मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. म्हणून हा आजार आपणही ओळखून असावे.

शरीराचे राखणदार

आता तपासणीकडे वळू. त्याआधी शरीराच्या राखणदारांची ओळख करून घेऊ.

आपल्या रक्तात रोगांशी लढणारे राखणदार असतात. डॉक्टर त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. बाहेरचा रोगजंतू अंगात शिरला की ते त्याला धरतात. त्यांच्या निरनिराळ्या जाती आहेत. त्यांतल्या दोन जातींची नावे आपण लक्षात ठेवू. एक 'आयजीए' आणि दुसरी 'आयजीजी'.

आयजीए हा वेशीवरचा राखणदार आहे. तो नाकात, घशात, छातीत आणि आतड्यात पहारा करतो. तो लाळेत असतो. डोळ्यांच्या पाण्यात असतो. आईच्या दुधातही असतो. बाळंतिणीला पहिल्या दिवसांत पिवळसर, घट्ट दूध येते. त्याला आपण चीक म्हणतो. त्यात आयजीए भरपूर असते. काही घरांत हे दूध पिळून टाकतात. तसे कधीही करू नये. बाळाचा तो पहिला राखणदार आहे.

आयजीजी हा गावातला राखणदार आहे. तो मुख्यतः रक्तात हिंडतो.

गव्हाची बाधा असलेल्या माणसात या राखणदारांची चूक होते. ते ग्लुटेनला चोर समजतात. इतकेच नव्हे, आपल्याच शरीरातल्या एका पदार्थावरही ते चाल करतात. त्या पदार्थाचे छोटे नाव 'टीटीजी' आहे. चोर सोडून घरमालकालाच मारावे, तसे हे होते. त्या मारामारीत आतड्याची लव झडते.

तपासणी काय पाहते?

१९९७ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ही गोष्ट शोधली. त्यावरून रक्ताची एक सोपी तपासणी निघाली. टीटीजीवर चाल करणारे आयजीए रक्तात किती आहेत, ते या तपासणीत मोजतात. तिला 'टीटीजी-आयजीए' म्हणतात. दंडातून थोडे रक्त घेतात. असे आयजीए पुष्कळ निघाले तर आजाराची दाट शंका येते.

ही तपासणी चांगली आहे. बहुतेक लोकांत ती खरे सांगते. पण ती फक्त आयजीए याच जातीचे राखणदार मोजते, हे विसरू नका. खोच आहे ती इथेच.

जागल्याच नसला तर?

गावात जागल्या रात्री फिरतो. चोर दिसला की हाक देतो. एखाद्या रात्री हाक ऐकू आली नाही, तर आपण म्हणतो, आज चोर आला नाही. पण त्या रात्री जागल्याच गावात नसला तर? तर हाक येणारच नाही. मग चोर आला काय आणि न आला काय, आपल्याला सारखेच वाटेल.

काही माणसांच्या अंगात आयजीए जवळजवळ तयारच होत नाही. हे जन्मापासूनचे असते. युरोपातल्या लोकांत सुमारे सहाशे माणसांत एकाला असे असते. जपानात ते फारच थोड्यांना असते. पण गव्हाची बाधा असलेल्या लोकांत ते जास्त आढळते. अशा शंभर रोग्यांत दोघा-तिघांना आयजीए नसते. याचे एक कारण असे की, दोन्ही गोष्टींचे बी काही अंशी एकाच घराण्याच्या वारशातून येते.

आता विचार करा. ज्याच्या अंगात आयजीएच नाही, त्याच्या रक्तात टीटीजीवर चाल करणारे आयजीए कोठून असणार? तपासणी ते शोधते. ते सापडत नाही. कागद म्हणतो, 'आजार नाही.' पण दुसऱ्या जातीचे राखणदार आतड्यावर चाल करीतच असतात. लव झडतच असते.

समजा, एका घरात सहा वर्षांची मुलगी आहे. तिचे पोट फुगलेले आहे. जुलाब थांबत नाहीत. उंची चार वर्षांच्या मुलीएवढी आहे. तिची टीटीजी-आयजीए तपासणी झाली आणि कागद साफ आला. आजी नातीला घेऊन डॉक्टरांकडे येते.

आजी म्हणते, "डॉक्टरसाहेब, कागद तर चांगला आला. मग पोरीचं पोट का सुटलंय? अंग का धरत नाही ती?"

डॉक्टर कागद पाहतात. म्हणतात, "आजी, या कागदावर एकच तपासणी आहे. हिच्या रक्तात एकूण आयजीए किती आहे, ते कुणी मोजलेलंच नाही."

"म्हंजे कागद खोटा आहे का?"

"खोटा नाही, आजी. अपुरा आहे. आधी जागल्या गावात आहे की नाही, ते बघू. मग त्याच्या हाकेचा विचार करू."

"आणि नसला तर?"

"तर दुसऱ्या राखणदाराला विचारू. शेवटी आतडंच डोळ्यांनी बघू."

डॉक्टरांनी जे सांगितले तीच योग्य रीत आहे. कागद साफ आला म्हणून घरच्यांनी मुलीला पोळी चारत राहायचे, आणि लहानपण निघून गेल्यावर आजार कळायचा, असे होऊ नये. लवकर कळले तर खुंटलेले मूल पुन्हा वाढीला लागते. फार उशीर झाला तर राहिलेली उंची सगळीच भरून येत नाही.

तपासणीची योग्य रीत

पहिली पायरी. टीटीजी-आयजीए ही तपासणी करताना त्याच रक्तात 'एकूण आयजीए' मोजावे. त्यासाठी सुई दुसऱ्यांदा टोचावी लागत नाही.

दुसरी पायरी. एकूण आयजीए पुरेसे असले, तर पहिल्या तपासणीचा कागद भरवशाचा आहे.

तिसरी पायरी. एकूण आयजीए फारच कमी असले, तर पहिल्या कागदावर विसंबू नये. तेव्हा आयजीजी जातीच्या राखणदारांची तपासणी करावी. तिची नावे 'डीजीपी-आयजीजी' आणि 'टीटीजी-आयजीजी' अशी आहेत.

चौथी पायरी. आतड्याची दुर्बिणीने तपासणी. तोंडातून एक बारीक नळी पोटात सोडतात. तिने आतड्याचे आतले अस्तर दिसते. त्याचे तिळाएवढे चार-सहा तुकडे काढतात आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहतात. लव झडली आहे की नाही, ते तिथे कळते. ज्याच्या अंगात आयजीए नाही, त्याच्या बाबतीत ही पायरी फार महत्त्वाची आहे. नळीचे नाव ऐकून घाबरू नये. ही शस्त्रक्रिया नव्हे. पोट कापावे लागत नाही.

इथे डॉक्टर आणखी एक गोष्ट पाहतात. ज्यांना आयजीए नाही, त्यांच्या आतड्यात 'जिआर्डिया' नावाचा बारीक जंतू सहज घर करतो. तो घाण पाण्यातून येतो. त्यानेही जुलाब होतात आणि लव खराब होते. तो असला तर औषधाने जातो. म्हणून शौचाचीही तपासणी करतात.

फार लहान मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्या अंगात आयजीए मुळातच कमी असते. ते वयाबरोबर वाढते. म्हणून 'या मुलाला आयजीए नाही' असे डॉक्टर चार वर्षांच्या आत पक्के सांगत नाहीत. काही वर्षांनी पुन्हा मोजून पाहतात.

आधी तपासणी, मग पथ्य

पुष्कळ लोक घाई करतात. कोणी सांगितले, 'गहू सोडून बघ,' की लगेच गहू सोडतात. थोडे बरे वाटते. मग चार महिन्यांनी तपासणीला जातात.

ही रीत बरोबर नाही. गहू सोडला की चुकलेले राखणदार हळूहळू कमी होतात. आतड्याची लवही पुन्हा उगवू लागते. मग तपासणीत काही सापडत नाही. आजार होता की नव्हता, हे कळत नाही. म्हणून सर्व तपासण्या पुऱ्या होईपर्यंत नेहमीप्रमाणे गहू खात राहावे. आजार पक्का ठरला की मग गहू सोडावा. त्यानंतर मात्र तो पुन्हा धरू नये.

काय खावे?

या आजारावर आज गोळी किंवा सुई नाही. पथ्य हेच औषध. आणि ते जन्मभर पाळावे लागते. लव पुन्हा उगवली तरी आजार गेला असे नाही. गहू पुन्हा सुरू केला की लव पुन्हा झडते.

पण घाबरू नका. महाराष्ट्रातल्या माणसाला हे पथ्य फारसे जड नाही. ज्वारीची भाकरी चालते. बाजरीची चालते. नाचणीची भाकरी आणि आंबील चालते. तांदूळ, पोहे, कुरमुरे चालतात. मका चालतो. सगळ्या डाळी, कडधान्ये, भाज्या, फळे, शेंगदाणे, गूळ, दूध, अंडी, मासे, मटण चालते. उपासाचे पदार्थ तर बहुतेक चालतातच. भगर, साबुदाणा, राजगिरा आणि शिंगाडा यांत ग्लुटेन नाही.

सुरुवातीला काही जणांना दूध सोसत नाही. लव झडल्यामुळे तसे होते. आतडे सुधारले की दूध पुन्हा सोसू लागते.

काय टाळावे?

पोळी, पुरी, पाव, टोस्ट, खारी, बिस्किट टाळावे. रवा, मैदा आणि दलिया हेही गव्हाचेच. म्हणून शिरा, उपमा, शेवया, लापशी चालत नाही. कुरडई गव्हाच्या चिकाची असते. तीही नको. खपली गहू हाही गहूच आहे. तो जुन्या वाणाचा म्हणून चालेल, असे समजू नये. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो.

काही पदार्थांत गहू लपलेला असतो. बाजारच्या हिंगाच्या डबीत पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. मेतकुटात गहू घालतात. थालीपिठाच्या भाजणीत काही घरी गहू घालतात. दूध घालून प्यायच्या काही पुडींत जवाचा माल्ट असतो. पुड्यावर काय लिहिले आहे, ते वाचावे. आता तुम्हाला वाचता येते. त्याचा असा उपयोग करा. ज्या पुड्यावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेले असते, त्यात एका किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, असा आपल्या देशात नियम आहे.

गिरणीकडेही लक्ष द्या. एकाच गिरणीत गहू आणि ज्वारी दळतात. गव्हावर लगेच आपली ज्वारी टाकली, तर त्यात गव्हाचे पीठ मिसळते. असे पीठ या रोग्याला बाधते. घरी जाते असेल तर त्यावर फक्त ज्वारी-बाजरी दळावी. किंवा जिथे गहू दळत नाहीत अशी चक्की शोधावी. घरात त्याचा पिठाचा डबा आणि परात वेगळी ठेवावी. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचा पापड तळू नये.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे लोकांचा आग्रह. सत्यनारायणाचा प्रसाद असतो. कोणी म्हणते, "अहो, एवढ्याशा शिऱ्यानं काय होतंय? देवाचा प्रसाद आहे." पण आतड्याला प्रसाद आणि पोळी यांतला फरक कळत नाही. थोडा थोडा गहू वरचेवर पोटात गेला, तरी लव झडते. प्रसाद कपाळाला लावावा आणि दुसऱ्याला द्यावा. मुलासाठी केळे किंवा साखर मागून घ्यावी. शाळेत गुरुजींना आणि बाईंना सांगून ठेवावे. अंगणवाडीत मिळणाऱ्या पिठाच्या पाकिटात गहू आहे का, ते सेविकेला विचारावे.

ज्याला आयजीए नाही, त्याने काय जपावे?

आयजीए नसलेली बहुतेक माणसे धडधाकट असतात. दुसऱ्या जातीचे राखणदार त्याचे बरेचसे काम उचलतात. काही जणांना मात्र सर्दी, कानाचे दुखणे, छातीचा कफ वरचेवर होतो. आयजीए वाढवणारे औषध नाही. म्हणून दुखणे अंगावर काढू नये. पाणी उकळून प्यावे. हात साबणाने धुवावेत.

एक धोका थोड्या जणांना असतो, पण तो ठाऊक असावा. अशा माणसाला दुसऱ्याचे रक्त दिले, तर त्या रक्तातले आयजीए त्याच्या अंगाला परके वाटू शकते. क्वचित जोराची रिअ‍ॅक्शन येते. दम लागतो, अंगावर गांधी उठतात, रक्तदाब एकदम उतरतो. म्हणून बाळंतपण असो, अपघात असो किंवा शस्त्रक्रिया असो, डॉक्टरांना आधीच सांगावे, "याच्या अंगात आयजीए नाही." अशा वेळी डॉक्टर धुतलेले रक्त देऊ शकतात. ही माहिती एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावी. मात्र जीव धोक्यात असेल आणि डॉक्टर रक्त द्यायचे म्हणत असतील, तर भीतीने नाही म्हणू नये.

पथ्य सुरू झाल्यावरही तपासणीला जावे लागते. पथ्य नीट चालले आहे की नाही, ते रक्तावरून पाहतात. ज्याला आयजीए नाही, त्याची टीटीजी-आयजीए तपासणी तेव्हाही उपयोगाची नाही. ती साफच येणार. त्याचे आयजीजी मोजावे. ते सावकाश उतरते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत फरक दिसला नाही, तरी धीर सोडू नये. मुलाचे वजन वाढते का, उंची वाढते का, अंगात रक्त भरते का, हेही पाहावे.

लक्षात ठेवा

१. गहू बाधणे हा खरा आजार आहे. तो लाड नव्हे आणि नखराही नव्हे.

२. टीटीजी-आयजीए बरोबर एकूण आयजीए मोजायला सांगा.

३. आयजीए नसेल तर साफ कागदावर विसंबू नका. आयजीजीची तपासणी आणि दुर्बीण यांविषयी डॉक्टरांना विचारा.

४. तपासण्या पुऱ्या होईपर्यंत गहू सोडू नका. आजार ठरल्यावर गहू धरू नका.

५. तपासणीचे सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी बरोबर न्या.

प्रश्न

१. ज्वारीची पोळी लाटता येत नाही. का?

२. आतड्यातली लव काय काम करते?

३. 'कागद खोटा नाही, अपुरा आहे,' असे डॉक्टर का म्हणाले?

४. तुमच्या घरी गेल्या आठवड्यात गव्हाचे कोणते पदार्थ झाले? ते टाळून दुसरे काय करता आले असते? त्यांची यादी लिहा.

५. तुमच्या ओळखीत कोणाचे मूल वाढीला लागत नसेल, तर त्याच्या आईवडिलांना हा धडा वाचून दाखवा.